भिंतीवरची नक्षी आणि ठाण्यातला छोटा स्टुडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा वॉलपेपरचा छोटा स्टुडिओ ठाण्यात आहे. वारली, पैठणीची नक्षी, लाकडी ठशांची छपाई, सावंतवाडीच्या गंजिफा (हातानं रंगवलेले गोल पत्ते) अशा हातानं जपलेल्या कलांवरून आम्ही भिंतीचे कागद तयार करतो. विचारणा दोन तऱ्हेच्या लोकांकडून येते: ज्यांना घरी कागद लावायचाय त्यांच्याकडून, आणि ज्यांना असाच व्यवसाय उभा करायचाय त्यांच्याकडून. दोघांचे प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले असतात की आम्ही ते वेगळे काढलेले नाहीत. ज्याला भिंत समजत नाही त्यानं कागद विकू नये, आणि ज्याला चित्र कुठून आलं हे माहीत नाही त्यानं ते भिंतीवर लावताना एकदा विचारावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

छपाईचं मशीन तुमचं स्वतःचं आहे का? सुरुवातीला घ्यावं का?

नाही, आणि घेऊ नका. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यांत साइनबोर्ड आणि मोठ्या रुंदीची छपाई करणारी युनिट्स सापडतात. त्यांच्याकडून जॉबवर्क करून घेता येतं. मशीन घेतलं की हप्ता सुरू होतो, आणि हप्ता फेडायला मिळेल ते काम छापावं लागतं. मग कारागिराबरोबर बसायला वेळ उरत नाही.

छापणाऱ्याला दोन गोष्टी आधी विचारा. पहिली, शाई कुठली? लेटेक्स शाई पाण्यावर आधारित असते, उष्णतेनं सुकते आणि तिला वास जवळजवळ नसतो. घरासाठी आम्ही हीच वापरतो. इको-सॉल्व्हंट, म्हणजे रासायनिक द्रावकाच्या शाईचा वास काही दिवस खोलीत राहतो. लहान मूल किंवा दमेकरी घरात असेल तर तो त्रास नको. यूव्ही शाई कागदाच्या वर थर धरून बसते आणि कोपऱ्यात कागद दुमडला की तडकू शकते. दुसरी गोष्ट, भिंतीच्या कागदाचं काम आधी केलंय का? दुकानाचा बोर्ड छापणारा माणूस चांगला असेल, पण बोर्डाला सांधे जुळवावे लागत नाहीत. वॉलपेपरला पट्टीशेजारी पट्टी बसते आणि तिथे केसाएवढा फरकही डोळ्यात खुपतो.

हातानं काढलेलं चित्र कॉम्प्युटरवर कसं आणता?

ए-थ्री आकारापर्यंतचं चित्र सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयनं (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करतो. मोठं असेल तर ते भिंतीला सपाट लावून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे ठेवून फोटो काढतो. चौकटीत रंगपट्टी ठेवतो, म्हणजे नंतर गेरूचा गेरूच राहतो, विटकरी होत नाही. छपाईची फाइल भिंतीवरच्या प्रत्यक्ष आकाराला १५० डीपीआय असली की जवळून पाहतानाही पुरते.

पुढचं पाऊल जपून टाका. सॉफ्टवेअरमध्ये चित्राच्या रेघा आपोआप गुळगुळीत करून देणारी बटणं असतात. ती दाबू नका. वारली चित्रातली रेघ बांबूची काडी चावून, तिचं टोक कुंच्यासारखं करून, तांदळाच्या पिठाच्या पातळ खळीनं ओढलेली असते. ती कुठे जाड होते, कुठे पीठ संपत आलं म्हणून विरते. त्या विरण्यातच चित्र जिवंत असतं. पैठणीचा मोर धाग्याच्या हिशेबानं विणलेला, म्हणून त्याच्या कडा पायरीपायरीच्या असतात. मोठा करताना त्या पायऱ्या घासून गोल केल्या की तो कुठल्याही ग्रीटिंग कार्डावरचा मोर होतो. ठशांच्या छपाईचं काम असेल तर एकच उमटलेला ठसा निवडून शेकडो वेळा चिकटवू नका. कारागिराला तोच ठसा कापडावर किंवा कागदावर पुन्हा पुन्हा उमटवायला सांगा, त्यातले वीस-पंचवीस स्कॅन करा आणि ते मिसळून मांडा. रेघेचा ठसा आणि भरणीचा ठसा यांच्यात जो किंचित सरक असतो, तो प्रत्येक वेळी वेगळा पडतो. डोळा तो मोजत नाही, पण ओळखतो.

‘रिपीट’ म्हणजे काय? तुम्ही त्यावर इतका भर का देता?

नक्षी जिथे संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते तो टप्पा म्हणजे रिपीट. बाजारातला नेहमीचा रोल २१ इंच म्हणजे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३३ फूट म्हणजे सुमारे १० मीटर लांब असतो. नक्षीची रुंदी ५३ सेंटिमीटरमध्ये पूर्ण बसावी लागते, किंवा तिचा अर्धा वा तिसरा हिस्सा तरी असावी लागते. उंचीला ६४ सेंटिमीटरचं रिपीट बरंच वापरलं जातं. शेजारच्या पट्टीत नक्षी त्याच उंचीवर जुळत असेल तर ती सरळ जुळणी. अर्ध्या टप्प्यानं खाली सरकून जुळत असेल तर अर्धी सरक. अर्ध्या सरकेनं भिंत आडव्या ओळींत वाटली जात नाही, म्हणून फुलापानांच्या नक्षीला ती शोभते.

आता वारली चित्रातला तारप्याचा नाच घ्या. मध्ये तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा, आणि हात धरून नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती गोल वळत जाते. हे वर्तुळ उचलून २१ इंचांच्या चौकटीत बसवलं आणि भिंतभर छापलं, तर सोफ्यावर बसलेल्या माणसाला डझनभर सारखी चक्रं दिसतात, आणि कडेच्या सांध्यावर कोणाचा तरी हात तुटलेला असतो. ज्या चित्राचा सगळा अर्थ हात न सुटण्यात आहे, तिथे हात तुटलेला चालत नाही.

म्हणून आम्ही अशा चित्रांसाठी तीन पट्ट्यांची नक्षी करतो, म्हणजे साधारण १५९ सेंटिमीटर रुंदीनंतर पहिलं चित्र परत येतं. आणि दोन चित्रांमधली जागा कॉम्प्युटरवर भरत नाही. चित्रकाराकडूनच जोडचित्रं काढून घेतो: ताडावर चढणारा माणूस, मोळी घेऊन निघालेल्या बायका, कोंबड्या, मुंग्यांची रांग. कुठून कुठे रांग जायची हे तोच ठरवतो. या कामाला वेळ लागतो आणि त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. भिंत पाहताना ते पैसे कुठे गेले हे दिसतं.

गेरूच्या रंगाची मोठी भिंत छापताना अडचण येते असं ऐकलं. खरंय का?

खरं आहे. छपाईच्या नेहमीच्या मशीनमध्ये पांढरी शाई नसते. वारलीत पांढरं चित्र गेरूवर असतं, पण छापताना उलटं घडतं: सगळा गेरू छापला जातो आणि चित्राच्या जागी कोरा कागद सोडला जातो. म्हणजे तुमचा पांढरा रंग हा कागदाचा पांढरा. निळसर झाक असलेला झगझगीत कागद घेतला तर तांदळाच्या पिठाचा मऊ पांढरा कधीच मिळणार नाही. आम्ही किंचित पिवळट कागद निवडतो.

त्याहून मोठी अडचण सांध्याची. कागद आतून पांढरा, वरून गडद. दोन पट्ट्या कितीही घट्ट बसवल्या तरी कागद सुकताना जरासा आक्रसला की सांध्यात पांढरी रेष चमकते. उपाय दोन आहेत आणि आम्ही दोन्ही करतो. भिंतीला प्रायमर मारताना त्यात गेरूचा रंग मिसळायचा, म्हणजे फट पडली तरी मागून गेरूच दिसतो. आणि पट्टी लावण्याआधी तिची कापलेली कड त्याच रंगाच्या खडूनं हलकेच रंगवायची.

तिसरी गोष्ट, एकसारखा गडद रंग मोठ्या जागेत छापला की त्यात आडवे पट्टे दिसू लागतात. खरी वारली भिंत मात्र कधीच एकसारखी नसते. शेणमातीनं सारवलेली असते, तिच्यात बोटांचे माग असतात, भुशाचे कण असतात. सारवलेल्या भिंतीचा फोटो घेऊन तो पोत गेरूखाली मंदसा ठेवला की पट्टे लपतात आणि भिंत खरी वाटते. सगळ्या पट्ट्या एकाच दिवशी, मशीनवरच्या एकाच लांब रोलवर, लावण्याच्या क्रमानं छापून घ्या. एक पट्टी खराब झाली म्हणून महिन्याभरानं तेवढीच छापून आणली तर रंग जुळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

कुठली चित्रं तुम्ही छापत नाही?

लग्नचौक छापत नाही. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवीची स्थापना असते. तो विधीचा भाग आहे, सजावट नाही. ग्राहक चौकाचा फोटो दाखवतात, ‘हीच डिझाइन हवी,’ म्हणून आग्रह धरतात. आम्ही शेती, नाच, मासेमारी, झाडं, पाड्यावरचं रोजचं जगणं यातली चित्रं देतो. ती तेवढीच सुंदर आहेत. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांनी ही कला विधीबाहेर कागदावर आणि कापडावर नेली, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्या वाटेवरून पुढे जाताना चौकाची मर्यादा पाळणं आम्हाला आवश्यक वाटतं. दुसऱ्या कलांमध्येही हीच विचारणा आधी करा: हे चित्र पूजेचं आहे का? मग ते जिन्याखाली किंवा बाथरूमच्या बाहेर चिकटवायचं नाही.

कारागीर कुठे भेटतात? त्यांना पैसे कसे देता?

आपण ठाणेकर या बाबतीत नशीबवान. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. आता पालघरमध्ये आहेत, पण घोडबंदर रस्त्यानं महामार्गाला लागलं की रस्ता तोच. येऊरच्या जंगलातही पाडे आहेत. नवी मुंबईत बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट (हस्तकलांचा बाजार) आहे, तिथे देशभरातले कारागीर प्रदर्शनांना येतात. विकत घ्यायला नाही, बोलायला जा. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा कारागीर मोकळेपणानं बोलतात.

पैशांबद्दल आमचं मत ठाम आहे. एक चित्र एकदा विकत घेऊन आयुष्यभर छापत राहणं हे कायद्यात बसवता येतं, पण तसं करू नये. आम्ही चित्र काढण्याचं मानधन आधी देतो आणि नंतर जितकी भिंत विकली जाईल तितकं चौरस फुटामागे ठरलेलं मानधन दर तीन महिन्यांनी. समजा १२ बाय ९ फुटांची भिंत आणि चौरस फुटाला १० रुपये ठरले, तर एका भिंतीमागे चित्रकाराला १,०८० रुपये. हिशेबाचा कागद बरोबर जातो: कुठल्या गावात, किती फूट, कुठल्या महिन्यात. घराचा पत्ता आणि ग्राहकाचं नाव त्यात नसतं, पण ‘कळव्यातल्या एका दवाखान्यात’ एवढं असतं. आपलं चित्र कुठे लागलंय हे कळल्यावर चित्रकाराला जो आनंद होतो, तो पैशात धरता येत नाही.

करार मराठीत करा, साध्या वाक्यांत, आणि सह्या करण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवा. दादा किंवा ताई लिहिता-वाचता येणाऱ्या असल्या तरी वाचून दाखवा, कारण बोलताना शंका निघतात. चित्र कशावर छापणार, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, हे तिन्ही लिहा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. उशा, पिशव्या, मोबाइल कव्हर यांचा उल्लेख नसेल तर त्यावर छापू नका. हवं असेल तर पुन्हा बोला.

चित्रकाराचं नाव कुठे असतं?

प्रत्येक रोलच्या कडेला, लावताना कापली जाते त्या पट्टीवर, आणि भिंतीवर खालच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत. शिवाय ग्राहकाला चित्रकाराचं नाव, गाव आणि चित्राची गोष्ट सांगणारं कार्ड. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही आपण कर्ते आहोत हे सांगण्याचा अधिकार कलाकाराकडे राहतो. कोपऱ्यातलं नाव काढा असं सांगणारे ग्राहक असतात. आम्ही काढत नाही.

पारंपरिक नक्षी तर सगळ्यांची. मग परवानगी कशाला?

वारलीतला त्रिकोणांचा माणूस, पैठणीतली असावली वेल किंवा बांगडी मोर यांवर कोणा एकाचा कॉपीराइट नाही, बरोबर. पण अमुक एका चित्रकारानं काढलेलं अमुक चित्र हे त्याचं आहे. इंटरनेटवरून उचललेला वारली फोटो म्हणजे कोणाची तरी मजुरी उचलणं. वारली चित्रकला आणि पैठणी या दोन्हींना भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे त्या भागातल्या मालापुरतं राखलेलं नाव) मिळालेला आहे, त्यामुळे ती नावं माल विकताना सैल हातानं वापरू नयेत. आमच्या डिझायनरनं काढलेल्या नक्षीला आम्ही ‘वारली चित्र’ म्हणत नाही. ‘वारली शैलीवरून प्रेरित’ असं लिहितो आणि त्याचा दरही वेगळा असतो.

आमची डिझाइन कोणी चोरली तर?

इथे बरेच नवे लोक अडकतात, म्हणून नीट वाचा. जी डिझाइन डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी आहे पण नोंदवलेली नाही, तिच्या वस्तू औद्योगिक पद्धतीनं ५० पेक्षा जास्त तयार झाल्या की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ हेच सांगतं. म्हणजे जी नक्षी चालते आहे ती नोंदवलीच पाहिजे. २००० च्या डिझाइन कायद्याखालची नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे ५ वर्षं वाढवता येते. अट अशी की अर्ज करण्याआधी डिझाइन जाहीर झालेली नसावी. इंस्टाग्रामवर टाकणं म्हणजे जाहीर करणंच. आधी अर्ज, मग फोटो. मूळ चित्राची गोष्ट वेगळी असू शकते, म्हणून करार आणि अर्ज दोन्ही एकदा या विषयातल्या वकिलाला दाखवा. तो खर्च वाया जात नाही.

कागद कोणता घ्यावा?

घरासाठी नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेला कागद. खळ भिंतीला लावायची आणि कागद कोरडाच चढवायचा, त्यामुळे तो भिजून ताणला जात नाही, आणि काढताना अख्खी पट्टी उतरते. साधा कागद स्वस्त आणि दिसायला सुंदर, पण खळ लावून काही मिनिटं मुरू द्यावा लागतो, तेवढ्यात तो पसरतो. हात बसलेला कारागीर हवा. व्हिनाइल (प्लॅस्टिकच्या थराचा कागद) ओल्या फडक्यानं पुसता येतं, म्हणून दवाखाने, क्लासेस, हॉटेलं यांना ते बरं. पण ते श्वास घेत नाही, आणि याचा परिणाम पुढच्या उत्तरात आहे. हातकागदाचं आकर्षण आम्हालाही आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला. पण तो सुट्या तावांत मिळतो, लांब रोलमध्ये नाही. त्याची अख्खी भिंत करण्यापेक्षा चौकटीतले पॅनेल करा. तावांचे सांधे लपवण्याऐवजी मिरवता येतात.

ठाण्याच्या पावसात वॉलपेपर टिकतो का?

टिकतो, भिंत कोरडी असेल तर. हा प्रश्न कागदाचा नसून भिंतीचा आहे, आणि याचं उत्तर न देता रोल विकणाऱ्यांमुळे वॉलपेपर बदनाम झाला आहे.

बाहेरची भिंत, त्यातही पावसाचा मारा थेट झेलणारी नैर्ऋत्येची, जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल धरते. त्यावर व्हिनाइल लावलं की ओलीला आत यायला वाट आहे, बाहेर पडायला नाही. मागे बुरशी धरते, काळे ठिपके उमटतात, कागद फुगतो. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि एसीचा पाण्याचा पाइप जाणारी भिंत याही संशयितच. म्हणून आम्ही आधी विचारतो: घरातली आतली भिंत कुठली? दोन खोल्यांमधली भिंत असेल तर चिंता निम्मी कमी होते.

तपासणी सोपी आहे, स्वतः करा. एक फूट चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांना चिकटपट्टी मारून भिंतीवर हवाबंद बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढताना आतल्या बाजूला पाण्याचे कण दिसले किंवा भिंतीचा रंग तेवढ्या चौकोनात गडद झाला असेल, तर ओल आहे. कुठे रंगाचे पोपडे सुटलेत, कुठे पांढरं मीठ फुटलंय, तेही पाहा. अशा भिंतीवर आम्ही कागद लावत नाही, ग्राहक कितीही म्हणाला तरी. आधी बाहेरच्या भेगा, गच्ची, पाइप बघा. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये ताबा मिळाल्या मिळाल्या लोक विचारतात. नव्या प्लॅस्टरमध्येही पाणी असतं, त्याला सुकायला वेळ द्या. सिडकोच्या जुन्या घरांत किंवा चाळीत वेगळीच गोष्ट असते: भिंतीवर डिस्टेंपरचे थरांवर थर. त्यावर चिकटवलं तर कागद डिस्टेंपरसकट उतरतो. खरवडणं, पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, हे सगळं आधी.

लावण्याचा चांगला काळ ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात लावायचंच असेल तर बुरशीनाशक असलेली खळ वापरा आणि पहिले एक-दोन दिवस पंखा, एसी जोरात लावून कागद घाईनं सुकवू नका, सांधे उघडतात. काही कारागीर खळीत फेविकॉल मिसळतात. पक्कं चिकटतं, पण पुढे काढताना पुट्टीही निघते. आम्ही मिसळू देत नाही.

किती रोल लागतील ते कसं काढायचं?

क्षेत्रफळाला रोलच्या फुटांनी भागू नका. १२ फूट रुंद, ९ फूट उंच भिंत म्हणजे १०८ चौरस फूट. एका रोलमध्ये सुमारे ५७. त्या हिशेबानं दोन रोल पुरावेत. पण पट्ट्या मोजा: १२ फुटांत २१ इंचांच्या सात पट्ट्या बसतात. वरखाली कापायला चार इंच धरून प्रत्येक पट्टी ९ फूट ४ इंच. एका रोलमधून अशा तीनच निघतात. म्हणजे सात पट्ट्यांना तीन रोल. आता ६४ सेंटिमीटरचं रिपीट जुळवायचं तर प्रत्येक पट्टी पाच टप्प्यांची, साडेदहा फुटांची होते; तरीही तीन निघतात. नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या घरात उंची साडेदहा फूट असली की पट्टीला सहा टप्पे लागतात, रोलमधून दोनच पट्ट्या निघतात आणि रोल होतात चार. मोजताना भिंतीची उंची तीन ठिकाणी घ्या. आपल्याकडे छत आणि जमीन समांतर असतीलच असं नाही, आणि पहिली पट्टी ओळंब्यानं लावली नाही तर सातवी पट्टी तिरकी दिसते.

भाड्याच्या घरात? स्वयंपाकघरात? देवघराच्या मागे?

भाड्याच्या घरात प्लायच्या पॅनेलवर लावून पॅनेल स्क्रूनं टांगा. घर सोडताना बरोबर न्या. स्वयंपाकघरात गॅसच्या मागे नको, फोडणीचा धूर कागद पिऊन घेतो. देवघरामागे समई-धूप रोज असेल तर काजळी धरते. तिथे लाकूड किंवा दगड बरा.

दर कसा ठरवायचा?

आधी सगळा खर्च चौरस फुटावर आणा. हे आकडे फक्त रीत समजावी म्हणून: कागद आणि छपाई ६० रुपये, वाया जाणारा माल १५ टक्के धरून ९, चित्रकाराचं मानधन १०, लावण्याची मजुरी २०, नमुने आणि ने-आण १०. झाले १०९. विक्री १८० नं केली तर ७१ उरले. १०८ चौरस फुटांच्या भिंतीला ७,६६८ रुपये. यातून भाडं, पगार, वीज आणि पुढच्या डिझाइनचा खर्च. इंटिरिअर डिझायनरला १५ टक्के दिले की ७१ चे ४४ होतात आणि हातात ४,७५२ रुपये येतात. वर्षभरात किती भिंती लागल्या तर घर चालेल, हे तिथेच समजतं. दर कमी करायची वेळ आली तर कागदाची जात बदला, पॅनेल लहान करा. मानधनाला हात लावू नका. सगळ्यात सोपी कपात तीच असते, म्हणून ती मोह पाडते.

छपाईच्या आधी दोन बाय दोन फुटांचा नमुना मात्र खिशातून खर्च करून प्रत्येक वेळी छापा. तो ग्राहकाच्या घरी, त्याच भिंतीवर, दिवसा खिडकीच्या उजेडात आणि रात्री त्यांच्या दिव्याखाली पाहा. पिवळ्या एलईडीखाली गेरू शेंदरी दिसतो, ट्यूबलाइटखाली तपकिरी.

नोंदणी आणि कर्जाचं काय?

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. वॉलपेपरचा एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी माल ओळखण्याचा आकडा) ४८१४. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, पण तुम्ही लावण्याची सेवाही देत असाल तर मर्यादा २० लाखांची धरा, आणि परराज्यात माल पाठवण्याआधी सीएला विचारा. कर्जासाठी मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत मिळू शकतं. नमुन्यांची वही, स्कॅनर, पहिल्या चित्रांचं मानधन एवढ्यावर सुरुवात होते. मोठा प्रकल्प करायचा तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात करा.

डिझायनर आणि ठेकेदार पैसे थकवतात. काय करावं?

अर्धे पैसे छपाईआधी घ्या. छापलेला कागद दुसऱ्या कोणाच्या भिंतीवर बसत नाही. बाकीसाठी उद्यम नोंदणी कामाला येते: सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देणं कायद्यानं बंधनकारक आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. आयकर कायद्यातही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी सोय झाली आहे की मुदतीत पैसे न देणाऱ्या व्यवसायाला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. मार्चमध्ये हे नम्रपणे आठवून दिलं की चेक निघतात.

ग्राहक कुठून येतात?

बहुतेक एका भिंतीवरून दुसरी भिंत. दिवाळीच्या आधी आणि पाडव्याच्या सुमारास घरं सजतात. दवाखाने, शिकवण्या, छोटी कॅफे यांच्या भिंती शेकडो लोक पाहतात. तिथे पहिलं काम कमी नफ्यात केलं तरी चालतं.

उरलेल्या कागदाचं काय करता?

डायऱ्यांची वेष्टनं, खणांचे अस्तर, दिव्यांच्या शेड. आणि गणपतीत मखराची पाठ. २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर कागदी मखरांना मागणी आहे. व्हिनाइलचे तुकडे मात्र त्यासाठी देत नाही, ते प्लॅस्टिकच झालं. मखराला द्यायच्या चित्रांसाठीही मानधनाचा वेगळा करार असतो.

मी चित्रकार आहे. माझं काम तुम्ही घ्याल का?

आनंदानं पाहू. मूळ चित्र पाठवू नका, दिवसाच्या उजेडात काढलेले तीन-चार फोटो पाठवा. चित्रात काय चाललंय ते तुमच्या शब्दांत लिहा किंवा बोलून आवाज पाठवा. कुठलं चित्र विधीचं आहे आणि कुठलं नाही, तेही सांगा. काम आवडलं तर आम्ही तुमच्या गावी येतो, येण्याजाण्याचा खर्च आमचा. पहिल्या भेटीत कराराची प्रत ठेवून जातो, सही त्या दिवशी घेत नाही.